कर्करोगोपचारातील प्रारण-प्रतिरक्षा संयोग

कर्करोगोपचारातील प्रारण-प्रतिरक्षा संयोग : कर्करोगाच्या रुग्णास प्रारण चिकित्सा (क्ष-किरण, गॅमा किरण इत्यादींनी करावयाचे उपचार) आणि प्रतिरक्षा चिकित्सा (शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेस चेतना देऊन करावयाचे उपचार) या दोन्ही एकाच वेळी किंवा एकीमागून एक देण्याची पद्धती. दोन्ही चिकित्सांचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील आहे आणि दोन्हींपासून अपायही संभवतात. मात्र त्या अपायांचे स्वरूप वेगवेगळे आहे. प्रारणाचा अपाय मुख्यतः किरणांच्या मार्गात येणाऱ्या ऊतकांपुरता असतो आणि दिलेली मात्रा मोजता येते. प्रतिरक्षा चिकित्सेचा अपाय शरीराच्या कोणत्याही इंद्रियात आणि काही वेळा औषध बंद केल्यावर अनेक महिन्यांनीही उद्भवू शकतो. हे दोन अपाय एकत्र आले असता त्यांची केवळ बेरीज होते की ते एकमेकांस वाढवितात, हा या संयोगाच्या सुरक्षिततेचा मूळ प्रश्न होय.

वऱ्हाडातील संदर्भ : हा प्रश्न मोठ्या शहरांतील रुग्णालयांपुरता मर्यादित नाही. अमरावती जिल्ह्यातील परतवाडा हे अचलपूरला लागून असलेले, पूर्वी लष्करी छावणीचे ठिकाण म्हणून वाढलेले आणि मेळघाटातील सागवानी लाकडाच्या व्यापारामुळे प्रसिद्धी पावलेले गाव होय. तेथून अमरावती सुमारे ५० किमी., नागपूर त्याच्याही पुढे सुमारे १५० किमी. आणि मुंबई ७०० किमी.च्या आसपास दूर आहे. विदर्भात सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला ‘खर्रा’ खाण्याची सवय फार पसरलेली असून तोंडाच्या कर्करोगाचे ते एक प्रमुख कारण आहे. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. तथापि खर्ऱ्याची सवय मोडलेली नाही. मुख व घसा यांच्या वाढलेल्या कर्करोगात प्रारण चिकित्सा हा उपचाराचा एक आधारस्तंभ असल्यामुळे वऱ्हाडातील अनेक रुग्णांना नागपूर किंवा मुंबई येथे जाऊन राहावे लागते. उपचार संपल्यावर रुग्ण गावी परततो आणि उशिरा उद्भवणारे अपाय नेमके त्यानंतर दिसू लागतात. त्यामुळे संयुक्त उपचाराची सुरक्षितता जेवढी उपचार करणाऱ्या संस्थेवर, तेवढीच रुग्णाच्या गावातील वैद्यकावर अवलंबून राहते.

दोन चिकित्सांचा उगम : न्यूयॉर्क येथील शस्त्रक्रियातज्ञ विल्यम कोली यांनी १८९१ साली अर्बुदाच्या रुग्णास विसर्प या त्वचारोगाचे जंतू टोचून पाहिले. अशा जंतुसंसर्गानंतर काही अर्बुदे आक्रसत असल्याचे त्यांना जुन्या नोंदींत आढळले होते. जिवंत जंतूंमुळे काही रुग्ण दगावल्याने त्यांनी पुढे उष्णतेने मारलेल्या जंतूंचे मिश्रण वापरले. ते ‘कोली यांचे विष’ या नावाने ओळखले जाई. व्हिल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा आणि मारी व प्येअर क्यूरी यांनी १८९८ मध्ये रेडियमाचा शोध लावल्यावर उपचारांचा ओघ प्रारणाकडे वळला. कोली यांच्या मिश्रणाची मात्रा व परिणाम यांत एकसारखेपणा नव्हता. उलट किरणांचा परिणाम डोळ्यांना दिसे व पुन्हा घडवून आणता येई. त्यामुळे प्रतिरक्षा चिकित्सा सुमारे अर्धशतकभर मागे पडली.

प्रारणाची सुरक्षितताही एकदम साधली नाही. टॉमस एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली हे क्ष-किरणांवरील कामामुळे झालेल्या इजांनी १९०४ मध्ये मरण पावले. उपचारात प्रारंभी एकाच वेळी मोठी मात्रा दिली जाई व त्वचा आणि श्लेष्मकला जळून जात. पॅरिसमध्ये क्लोद रेगो व आंरी कूतार यांनी १९२०–३० च्या सुमारास एकूण मात्रा अनेक दिवसांत विभागून दिल्यास अर्बुद नष्ट होते, पण निरोगी ऊतक तग धरते, हे दाखविले. आजही प्रारण आठवड्यातून पाच दिवस, सहा ते सात आठवडे देण्याची जी पद्धती रूढ आहे, तिचे मूळ येथे आहे. उपचाराची सुरक्षितता केवळ साधनावर नव्हे, तर मात्रा आणि क्रम यांवर ठरते, हा या काळाचा धडा होय. पुढे संयुक्त उपचारांच्या बाबतीत तो पुन्हा शिकावा लागला.

महाराष्ट्रातील सोयींचा विकास : लेडी मेहरबाई टाटा यांचा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने मृत्यू झाला. त्यांच्या स्मरणार्थ दोराबजी टाटा यांच्या विश्वस्त निधीतून मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उभारण्यात आले व २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले. तेथील विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी भारतीयांतील मुखकर्करोग व तंबाखू चघळण्याची सवय यांच्या संबंधाचा अभ्यास केला. १९६२ मध्ये रुग्णालयाचे प्रशासन अणुऊर्जा विभागाकडे आले. १९६६ मध्ये कर्करोग संशोधन संस्था त्यास जोडली जाऊन टाटा स्मारक केंद्र अस्तित्वात आले. प्रारणविज्ञान व कर्करोगोपचार एकाच शासकीय विभागाखाली येण्याचा हा योग पुढे उपयोगी पडला. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्ट प्रारणयंत्र एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वापरात आले.

वऱ्हाडाचा या इतिहासाशी दुहेरी संबंध आहे. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–६८) यांचे निधन कर्करोगाने झाले आणि नागपूर येथील प्रादेशिक कर्करोग रुग्णालयास त्यांचे नाव देण्यात आले. त्याच जिल्ह्यातील शेंडगावचे संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनी ठिकठिकाणी धर्मशाळा उभारण्याचा जो परिपाठ घालून दिला, त्यास अनुसरून मुंबईत दादर येथे त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयातील रुग्ण व त्यांचे नातेवाईक राहतात. सहा-सात आठवडे चालणारी प्रारण चिकित्सा ग्रामीण रुग्णास मध्येच न सोडता पुरी करता यावी, यासाठी अशा निवाऱ्याचे महत्त्व औषधाहून कमी नाही. कारण मध्येच खंड पडलेल्या प्रारणाची परिणामकारकता घटते.

प्रारण व प्रतिरक्षा यांचे नाते : लसीका कोशिका प्रारणाला अत्यंत संवेदनशील असल्याने प्रारण हे प्रतिरक्षेस मारक होय, असे मत दीर्घकाळ रूढ होते. १९५३ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ आर्. एच्. मोल यांनी एका जागी दिलेल्या प्रारणाचा परिणाम दूरच्या, प्रारण न दिलेल्या जागीही कधीकधी दिसतो, या घटनेस ‘ॲब्स्कोपल’ (दूरस्थ) परिणाम असे नाव दिले. १९७९ मध्ये हेलेन स्टोन व त्यांचे सहकारी यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखविले की, प्रतिरक्षा दुबळी केलेल्या उंदरांतील अर्बुद नष्ट करण्यास प्रारणाची अधिक मात्रा लागते. यावरून प्रारणाच्या यशात प्रतिरक्षेचाही वाटा असतो, हे सूचित झाले. प्रारणाने मेलेल्या अर्बुद कोशिकांतून प्रतिजने बाहेर पडतात व ती टी लसीका कोशिकांना ओळख पटविण्यास साहाय्यभूत होतात, असे त्याचे स्पष्टीकरण आता देण्यात येते. दरम्यान १९७६ मध्ये आल्व्हारो मोरालेस यांनी क्षयाची बीसीजी लस मूत्राशयाच्या वरवरच्या कर्करोगात वापरून प्रतिरक्षा चिकित्सेस पुन्हा चालना दिली.

नियंत्रणबिंदू रोधके : निरोगी ऊतकांवर हल्ला होऊ नये म्हणून टी कोशिकांना आवर घालणारे काही रेणू शरीरात असतात. त्यांना प्रतिरक्षेचे नियंत्रणबिंदू म्हणतात. अर्बुदे त्यांचाच आधार घेऊन प्रतिरक्षेपासून निसटतात. जपानमध्ये तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये पीडी-१ या रेणूचा शोध लावला. अमेरिकेत जेम्स ॲलिसन यांनी सीटीएलए-४ या रेणूस प्रतिपिंडाने रोधल्यास उंदरांतील अर्बुदे नाहीशी होतात, हे १९९६ मध्ये दाखविले. या दोघांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. इपिलिमुमॅब हे या वर्गातील पहिले औषध अमेरिकेत २०११ मध्ये, तर पेंब्रोलिझुमॅब व निव्होलुमॅब ही २०१४ मध्ये संमत झाली.

आवर काढून टाकल्यावर टी कोशिका कधीकधी स्वतःच्याच ऊतकांवर उलटतात. त्वचेवर पुरळ, बृहदांत्राचा शोथ व अतिसार, यकृताचा व फुप्फुसाचा शोथ, अवटू ग्रंथीची मंदता, क्वचित हृदयस्नायूचा शोथ हे त्याचे परिणाम होत. यांपैकी फुप्फुसाचा शोथ प्रारणानेही होतो आणि सामान्यतः छातीवरील प्रारणानंतर एक ते सहा महिन्यांत उद्भवतो. त्यामुळे या दोन चिकित्सा एकत्र येताच पहिली चिंता फुप्फुसाविषयी निर्माण झाली. २०१२ मध्ये इपिलिमुमॅब घेत असलेल्या एका रुग्णात प्रारणानंतर दूरस्थ परिणाम दिसल्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला व अशा संयोगाविषयीचे कुतूहल झपाट्याने वाढले. मात्र दूरस्थ परिणाम आजही विरळाच आढळतो. त्याच्या आशेवर रुग्णास अधिक धोक्यात घालणे समर्थनीय ठरत नाही.

सुरक्षिततेची परीक्षा : पेंब्रोलिझुमॅबच्या एका आरंभीच्या चाचणीतील फुप्फुसकर्करोगाच्या ९७ रुग्णांचे विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्वी छातीवर प्रारण घेतलेल्या २४ रुग्णांपैकी ३ जणांत, तर इतर ७३ पैकी केवळ एकात उपचारजन्य फुप्फुसविकार आढळला. तथापि पूर्वी प्रारण घेतलेले रुग्ण सरासरीने अधिक काळ जगले. लाभ व धोका हे एकाच वाटेने येतात, याची ही सूचना होती. त्याच वर्षी ‘पॅसिफिक’ नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. तीत रसायने व प्रारण यांचा उपचार पूर्ण झाल्यावर सहा आठवड्यांच्या आत दुर्व्हालुमॅब सुरू करण्यात आले होते. सर्व तीव्रतांचा फुप्फुसशोथ औषध घेणाऱ्यांत ३३.९ टक्के व न घेणाऱ्यांत २४.८ टक्के आढळला. पण गंभीर स्वरूपाचा शोथ अनुक्रमे ३.४ व २.६ टक्के इतकाच होता. पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण ३३.४ वरून ४२.९ टक्क्यांपर्यंत वाढले. या चाचणीत प्रारणानंतर लक्षणीय फुप्फुसशोथ झालेल्या रुग्णांचा समावेश मुळातच नव्हता, ही गोष्ट ध्यानात घेणे जरूर आहे.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ६८ चाचण्यांतील, नियंत्रणबिंदू रोधके घेतलेल्या १६ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून २०२२ मध्ये असा निष्कर्ष मांडला की, औषध सुरू करण्यापूर्वीच्या ९० दिवसांत प्रारण घेतलेल्यांत गंभीर अपायांचे प्रमाण वाढलेले दिसत नाही. यामुळे एकीमागून एक उपचार देण्याविषयीची भीती बरीच कमी झाली. मात्र सुरक्षित म्हणजे उपयुक्त नव्हे, हे पुढील अनुभवाने दाखविले. फुप्फुसकर्करोगात दुर्व्हालुमॅब प्रारणाबरोबरच सुरू करणाऱ्या ‘पॅसिफिक-२’ चाचणीत (२०२४) लाभ आढळला नाही. उलट अपायांमुळे औषध थांबवावे लागण्याचे प्रमाण अधिक होते. मुख व घसा यांच्या कर्करोगात प्रारण आणि सिसप्लॅटिन यांच्या जोडीला ॲव्हेलुमॅब देणारी ६९७ रुग्णांची चाचणी लाभाची शक्यता न दिसल्याने थांबविण्यात आली व तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. याच कर्करोगात पेंब्रोलिझुमॅब वापरलेली ८०४ रुग्णांची चाचणीही (२०२२) सांख्यिकीय दृष्ट्या यशस्वी ठरली नाही. मानेतील लसीका ग्रंथींवर प्रारण पडत असताना तेथेच सज्ज होणाऱ्या टी कोशिका मरत असाव्यात, असे एक कारण यासंबंधी सुचविण्यात आले आहे.

क्रम बदलल्यावर चित्र पालटले. शस्त्रक्रियेपूर्वी पेंब्रोलिझुमॅबच्या दोन मात्रा देऊन नंतर ते प्रारणाबरोबर चालू ठेवणाऱ्या ७१४ रुग्णांच्या चाचणीत (२०२५) तीन वर्षांपर्यंत रोग न उलटलेल्यांचे प्रमाण ४६.४ वरून ५७.६ टक्के झाले, तर उपचारजन्य गंभीर अपाय ४२.९ व ४४.६ टक्के म्हणजे जवळजवळ सारखेच राहिले. इंद्रियपरत्वेही फरक पडतो. गर्भाशयग्रीवेच्या वाढलेल्या कर्करोगात रसायने व प्रारण यांबरोबरच पेंब्रोलिझुमॅब दिलेल्या १,०६० स्त्रियांच्या चाचणीत तीन वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ७४.८ वरून ८२.६ टक्के झाले. मात्र त्याच कर्करोगात दुर्व्हालुमॅब वापरणाऱ्या ७७० स्त्रियांच्या चाचणीत तसा लाभ सिद्ध झाला नाही. तात्पर्य, ‘हा संयोग सुरक्षित आहे काय ?’ या प्रश्नास एक उत्तर नाही. कोणते औषध, कोणते इंद्रिय, किती मात्रा आणि कोणता क्रम, यांनुसार उत्तर बदलते.

मुंबईतील संशोधन : भारतीय रुग्णांवरील अनुभव स्वतंत्रपणे पाहणे आवश्यक असते, कारण पोषण, तोंडाचे आरोग्य व आर्थिक स्थिती यांत मोठा फरक असतो. टाटा स्मारक रुग्णालयात मुख व घसा यांच्या कर्करोगाच्या ५३६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत प्रारण व सिसप्लॅटिन यांच्या जोडीस निमोटुझुमॅब हा प्रतिपिंड देण्यात आला (२०१९). निमोटुझुमॅब हे नियंत्रणबिंदू रोधक नसून अर्बुदाच्या वाढीस कारणीभूत ग्राहीस रोधणारे औषध आहे. तथापि प्रतिपिंड व प्रारण यांच्या एकत्र वापराचा हा मोठा भारतीय अनुभव होय. दोन वर्षे रोग न वाढलेल्यांचे प्रमाण ५०.१ वरून ६१.८ टक्के झाले. परंतु तोंडातील श्लेष्मकलेचा तीव्र शोथ ५५.८ वरून ६६.७ टक्क्यांवर गेला. आधीच अन्न गिळण्यास कष्ट होणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने ही वाढ क्षुल्लक नव्हे. नळीवाटे पोषण, वेदनाशमन व मुखस्वच्छता यांची तयारी असेल तरच असा लाभ पदरात पडतो.

नियंत्रणबिंदू रोधकांची किंमत बहुसंख्य भारतीयांच्या आवाक्याबाहेर आहे. याच रुग्णालयातील संशोधकांनी प्रारण वा शस्त्रक्रियेने बरा होण्याजोगा न राहिलेल्या मुख-घशाच्या कर्करोगात निव्होलुमॅब नेहमीच्या २४० मिग्रॅ.ऐवजी दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिग्रॅ. या मात्रेत, तोंडाने घ्यावयाच्या तीन स्वस्त औषधांच्या जोडीने देऊन पाहिले. १५१ रुग्णांच्या या चाचणीत (२०२२) एक वर्षानंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्के झाले आणि गंभीर अपाय वाढले नाहीत. ते अनुक्रमे ५० व ४६.१ टक्के होते. या चाचणीत औषधाबरोबर प्रारण दिलेले नव्हते. म्हणून तिचे निष्कर्ष प्रारणासह उपचारास जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तथापि अल्प मात्राही परिणामकारक ठरू शकते, हे दिसल्याने ग्रामीण रुग्णापर्यंत हे औषध पोहोचण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली. त्याबरोबर सुरक्षिततेची जबाबदारीही गावापर्यंत पोहोचते.

गावी परतल्यावरची देखरेख : परतवाड्यासारख्या ठिकाणी परतलेल्या रुग्णास कोरडा खोकला व दम लागू लागला, तर सामान्यतः जंतुसंसर्ग किंवा क्षय यांचा विचार प्रथम होतो. क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या देशात ते स्वाभाविकही आहे. शिवाय नियंत्रणबिंदू रोधकांमुळे सुप्त क्षय जागृत झाल्याचेही आढळले आहे. परंतु हाच खोकला प्रारणजन्य किंवा औषधजन्य फुप्फुसशोथाचा असू शकतो आणि त्यावर स्टेरॉइड वर्गातील औषधे वेळेवर सुरू न झाल्यास तो प्राणघातक ठरतो. क्षय असता हीच औषधे अपायकारक होऊ शकतात, म्हणून निदान घाईने करून चालत नाही. दिवसातून अनेक वेळा होणारा अतिसार, कावीळ, छातीत दुखणे, अकारण थकवा व थंडी वाजणे (अवटू ग्रंथीची मंदता) हीदेखील अशीच धोक्याची लक्षणे होत. मानेवरील प्रारणानेही अवटू ग्रंथी मंदावते. त्यामुळे दोन्ही उपचार घेतलेल्या रुग्णाच्या रक्ताची तपासणी ठराविक काळाने करणे इष्ट असते.

म्हणूनच रुग्णास घरी पाठविताना दिलेले औषध, त्याची शेवटची तारीख, प्रारणाची जागा व ग्रे या एककातील मात्रा, पूर्वीचे आत्मप्रतिरक्षी विकार आणि संपर्काचा पत्ता एवढी माहिती मराठीतून लिहिलेल्या एका कागदावर देणे, ही लहान दिसणारी गोष्ट फार मोलाची आहे. तो कागद जवळ असल्यास तालुक्याच्या ठिकाणचा वैद्यक योग्य प्रश्न विचारू शकतो. नसल्यास त्यास केवळ खोकला दिसतो.

मूल्यमापन : कोली व राँटगेन यांच्या काळी वेगळ्या झालेल्या दोन वाटा सुमारे सव्वाशे वर्षांनी एकत्र आल्या आहेत. आजवरच्या पुराव्यावरून बहुतेक रुग्णांत हा संयोग काळजीपूर्वक दिल्यास सुसह्य ठरतो. छातीवरील प्रारण, फुप्फुसाचा जुना विकार व आत्मप्रतिरक्षी व्याधी असणाऱ्यांत मात्र विशेष सावधगिरी लागते. प्रारणाच्या क्षेत्रात मात्रा विभागण्याच्या शोधाने जे साधले, ते या संयोगात क्रम व मात्रा यांच्या अभ्यासाने साधत आहे. वऱ्हाडासारख्या प्रदेशात त्यात तिसरी गोष्ट मिळवावी लागते, ती म्हणजे उपचार संपल्यानंतरची देखरेख. खर्ऱ्याची सवय सुटून या उपचारांची गरजच कमी होणे, हा अर्थातच सर्वांत सुरक्षित मार्ग होय.